सोळा मुलं, सोळा पातळ्या: लहानग्यांची फुटबॉल टीम एकत्र कशी घडवायची

सोलापुरात लहान मुलांना फुटबॉल शिकवायला उभं राहिलं की पहिल्याच आठवड्यात हे चित्र दिसतं. एक मुलगा चार जणांना चकवत थेट गोलपर्यंत जातो. दुसऱ्याकडे बॉल आला की तो डोळे मिटून बाजूला होतो. दोघंही आठ वर्षांचे आणि दोघंही तुमच्याच टीममध्ये. कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉल रुजलेला आहे, आपल्याकडे तसं नाही. इथल्या मुलांचा ओढा क्रिकेट, खो-खो आणि कबड्डीकडे जास्त. त्यामुळे पातळीनुसार दोन-तीन टीम पाडाव्यात इतकी मुलं बहुतेक ठिकाणी जमतच नाहीत. बारा ते सोळा मुलं, अर्धं मैदान आणि एक प्रशिक्षक, एवढ्यावरच काम करायचं असतं.

माझं मत ठाम आहे. अकरा वर्षांपर्यंत मुलांना ‘चांगली’ आणि ‘कच्ची’ असं कायमचं वेगळं करू नये. मुलं एकाच खेळात राहावीत आणि त्या खेळातलं काम मात्र प्रत्येकाचं वेगळं असावं, त्याला आज जेमतेम जमेल असं. हे कसं करायचं ते पुढे पायरीपायरीने लिहिलं आहे. सात ते अकरा वर्षांची मुलं-मुली डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

पहिली पायरी: फरक कशामुळे आहे ते शोधा

पहिले दोन सराव काही शिकवू नका. छोटे सामने लावा, वही घेऊन बाजूला उभे राहा आणि बघा. वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा. नाव, जन्मतारीख, घरची भाषा, कोणता पाय वापरतो, आधी कधी आणि कुठे खेळलाय, एवढं पालकांना विचारून लिहा.

जन्मतारीख महत्त्वाची आहे. वयोगट बहुधा १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच गटात येतात, आणि दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. आठ वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. तेवढ्या काळात उंची, पायातलं बळ, तोल, सांगितलेलं समजून घेण्याची क्षमता, सगळंच बदलतं. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने कॅनडातल्या आइस हॉकीत हेच दाखवून दिलं. वरच्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची संख्या फार जास्त होती. पुढे अनेक देशांच्या फुटबॉलमध्येही असंच आढळलं. थोरली मुलं लवकर निवडली जातात, त्यांना जास्त सामने आणि जास्त लक्ष मिळतं, आणि काही वर्षांनी तो फरक ‘उपजत गुण’ म्हणून मिरवला जातो. तुमच्या वहीत मागे पडणारी तीन मुलं ऑक्टोबर ते डिसेंबरमधली निघाली, तर त्यांच्याबद्दल कोणताही निष्कर्ष काढायची घाई करू नका.

दुसरं कारण म्हणजे बॉलबरोबर गेलेले तास. ज्याचा मोठा भाऊ गल्लीत खेळतो तो चौथ्या वर्षापासून पायाने बॉल ढकलत आलेला असतो. मुलींच्या वाट्याला हे तास बहुतेकदा आलेलेच नसतात. संध्याकाळी गल्लीत खेळायला भाऊ जातो आणि बहीण घरात थांबते. अशी मुलगी मैदानावर बिचकत असेल तर तिला अंग नाही असं समजू नका, तिला सराव मिळालेला नाही.

तिसरं कारण खास आपल्या शहराचं. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कुटुंबांत कन्नड आणि कितीतरी घरांत उर्दू. तुम्ही मराठीत भरभर चार सूचना दिल्या की चौथ्या रांगेतलं मूल शेजारच्याकडे बघून हलतं आणि नेहमी एक क्षण उशिरा पोचतं. लांबून ते ‘स्लो’ वाटतं. म्हणून सूचना एका वाक्याची ठेवा आणि लगेच करून दाखवा. बोलावताना तेलुगूत ‘रा’, कन्नडमध्ये ‘बा’ एवढं जरी म्हटलंत तरी नवं पोर खुलतं. ही भाषा येणारा सवंगडी त्याच्या जोडीला द्या.

यानंतरही एखादं मूल सारखं मागे पडत असेल तर दोन गोष्टी पालकांना शांतपणे विचारा: लांबचं नीट दिसतं का, आणि पळताना दम लागतो का. चष्म्याची गरज आहे हे मैदानावर पहिल्यांदा लक्षात येणारी मुलं असतात.

वहीत ‘हुशार’, ‘ढ’, ‘भारी’ असे शब्द लिहू नका. दिसलेलं लिहा. एकटा असताना बॉल ताब्यात ठेवतो, कुणी अंगावर आलं की मारून टाकतो. मान वर करून बघत नाही. बॉल गेला की मागे पळतो. प्रत्येक पानाच्या शेवटी एकच वाक्य: पुढच्या तीन आठवड्यांत याला काय शिकवायचं.

दुसरी पायरी: मैदान लहान करा, बॉल वाढवा

सोळा मुलं आणि एक बॉल असा सामना लावला तर तीन मुलं फुटबॉल खेळतात आणि बाकीची पळतात. जी आधीच तरबेज आहेत त्यांनाच बॉल मिळतो, त्यांचाच सराव होतो, आणि अंतर दर आठवड्याला वाढत जातं. पातळ्यांमधला निम्मा प्रश्न आपल्या मैदानाच्या आखणीतून तयार होतो, असं मला वाटतं.

उपाय म्हणजे तीनास तीन. जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांनी लहान मुलांसाठी ‘फुनिन्यो’ हा प्रकार मांडला. साधारण ३२ बाय २५ मीटरची जागा, प्रत्येक बाजूला एक नव्हे तर दोन छोटे गोल, गोलकीपर नाही, आणि गोल मारायचा तो सहा मीटरच्या आतूनच. दोन गोल असल्यामुळे एकीकडे गर्दी झाली की दुसरीकडे वाट मोकळी होते. ती वाट शोधायला अंगाची ताकद लागत नाही, बघावं लागतं. त्यामुळे शांत, लहानखुरं मूलही इथे चमकतं. जर्मनीत २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांसाठी असे छोटे सामने बंधनकारक झाले आहेत आणि त्यांत गुणतक्ताही नसतो. आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये गोल्डन बेबी लीग सुरू केली ती लहान मैदान, कमी खेळाडू याच विचाराने.

सोळा मुलं असतील तर दोन मैदानं आखा, प्रत्येकावर चार-चार जणांच्या दोन टीम. तिघं आत, चौथा बाहेर. प्रत्येक गोलनंतर दोन्ही टीमचा बाहेरचा आत येतो आणि ठरलेल्या क्रमाने एक जण बाहेर जातो. गोल कुणीही मारला तरी क्रम मोडायचा नाही. आत कोण जाणार याचा निर्णय तुमच्याकडे किंवा सर्वांत मोठ्या आवाजाच्या मुलाकडे राहिला की नवख्यांची पाळी गळते. गोल होतच नसेल तर दोन मिनिटांनी शिट्टी मारून बदल करा.

साहित्याचा बाऊ करू नका. फक्कीने रेघा मारा, कोनऐवजी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या किंवा मुलांच्या चपला चालतात. विटा, दगड मात्र नकोत, पडलं की लागतं. बॉलचा आकार नीट बघा. आठ वर्षांपर्यंत तीन नंबर, म्हणजे साधारण ६० सेंमी घेराचा. नऊ ते बारासाठी चार नंबर. मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल ६८ ते ७० सेंमीचा आणि ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. तो लहान पायाला जड जातो, मग मूल अंगठ्याने बॉल मारायला शिकतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

आपल्या मुरमाड, टणक जमिनीवर हवा भरलेला बॉल सारखा उसळतो. नवख्या मुलाला तो पायाखाली धरताच येत नाही. अशा वेळी बॉलमधली हवा किंचित कमी करा, किंवा घरच्या सरावाला चिंध्यांचा चेंडू द्या. कापडाची कमतरता या गावात तरी नाही. चिंध्यांचा चेंडू उसळत नाही, लांब पळत नाही. दोन आठवडे त्याच्याशी खेळलं की पायाला अंदाज येतो.

तिसरी पायरी: खेळ एकच, काम वेगवेगळं

या पायरीवर सर्वांत जास्त मेहनत घ्या. एखाद्या खेळाची काठीण्यपातळी चार गोष्टींनी बदलता येते: जागा, काम, साहित्य आणि माणसं. जागा वाढवली की सोपं, आवळली की अवघड. कामात अट घातली की अवघड. बॉल बदलता येतो, गोलची रुंदी बदलता येते. आणि समोर कोण, सोबत कोण हे ठरवता येतं. प्रत्येक खेळ लावण्यापूर्वी मनाशी दोन उत्तरं तयार ठेवा: हे सोपं करायचं झालं तर काय करीन, अवघड करायचं झालं तर काय.

विष-अमृतपासून सुरुवात करा. सगळ्या मुलांना तो खेळ येतो, त्यामुळे नियम सांगण्यात वेळ जात नाही. १५ बाय १५ मीटरचा चौकोन, प्रत्येकाकडे बॉल, दोघांवर राज्य. राज्य असलेल्याने स्पर्श केला की विष: बॉलवर पाय ठेवून, दुसरा पाय फाकवून उभं राहायचं. सवंगड्याने आपला बॉल त्याच्या पायांमधून घातला की अमृत. आता यात पातळ्या घाला. नव्या मुलांसाठी कोपऱ्यात फक्कीचं एक ‘घर’ आखा, तिथे बॉल थांबवून पाच आकडे मोजेपर्यंत सुरक्षित. मधल्या मुलांना घर नाही. तरबेज मुलांना फक्त डावा पाय, किंवा ज्याचा जो कमजोर असेल तो. बाहेरून बघणाऱ्याला सगळे एकच खेळ खेळताना दिसतात, आणि प्रत्येकाच्या डोक्याला त्याच्यापुरतं काम असतं.

मग दारांचा खेळ. चपलांच्या जोड्यांनी दहा-बारा दारं करा. काही एक मीटरची, काही दोन, काही तीन मीटरची. दोघांची जोडी, एक बॉल, आणि दोन मिनिटांत जितक्या दारांतून एकमेकांना पास देता येतील तितके द्यायचे. रुंद दाराला एक गुण, मधल्याला दोन, अरुंद दाराला तीन. कुठल्या दारातून जायचं हे मुलांनी ठरवायचं. तुम्ही कुणाला ‘तू सोपं कर’ असं म्हणत नाही, त्यामुळे कुणाचा पाणउतारा होत नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत बुजरी मुलंसुद्धा मधल्या दाराकडे वळलेली दिसतात, कुणी न सांगता.

एकास एक लावताना जोड्या तुम्ही ठरवा. इथे मिश्रण नको. उंची, वजन आणि पातळी जवळपास सारखी असू द्या, कारण धक्का लागतो तो इथेच. जोडी विषम झालीच तर सुरुवातीची जागा बदला: वरचढ मुलाने तीन पावलं मागून निघायचं. तीन पावलं फार झाली तर दोन.

एक कामचलाऊ माप लक्षात ठेवा. दहा प्रयत्नांत मूल नऊदा यशस्वी होतंय, तर काम वाढवा. निम्म्यापेक्षा जास्त वेळा फसतंय, तर काम हलकं करा. दोन्हींच्या मधे शिकणं होतं. हे माप तरबेज मुलालाही लागू आहे. त्याला सगळं जमतंय म्हणजे तो आज काही शिकत नाहीये.

आणि कुणालाही कायमचा कच्चा लिंबू करू नका. गल्लीत धाकट्या भावंडाला तसं खेळवतात तेव्हा त्यात माया असते. टीममध्ये मात्र ज्याचा आउट धरत नाहीत त्याचा गोलही कुणी खरा मानत नाही. काम सोपं असावं, गोल सगळ्यांसारखाच मोजला जावा.

चौथी पायरी: टीम पाडायची रीत

दोन कॅप्टन उभे करून एकेक भिडू निवडायला लावणं आजच बंद करा. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं आणि ते रोज सगळ्यांसमोर उरतं.

त्यापेक्षा गल्लीतली जुनी रीत फार शहाणी आहे. साधारण सारख्या ताकदीचे दोघं जोडीने बाजूला जातात, गुपचूप टोपणनावं घेतात आणि परत येऊन कॅप्टनला विचारतात, ‘चंद्र पाहिजे का सूर्य?’ कॅप्टन नाव निवडतो, माणूस नाही. दोन्ही टीम आपोआप समतोल होतात आणि कुणी शेवटी उरत नाही. तुम्हाला एवढंच करायचं: जोड्या तुमच्या वहीप्रमाणे लावायच्या.

सरावाचा साधारण एक तृतीयांश वेळ सारख्या पातळीच्या मुलांत आणि उरलेला मिश्र टीममध्ये जाऊ द्या. सारख्यांत खेळताना तरबेज मुलाला खरा अडथळा भेटतो आणि नवख्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. मिश्र टीममध्ये ती एकमेकांशी बोलायला शिकतात. पण सारख्यांचे गट दर आठवड्याला हलवा. पासिंगसाठी गट वेगळा, पळण्यासाठी वेगळा, गोल मारण्यासाठी वेगळा. प्रत्येक मूल कुठे ना कुठे वरच्या गटात असतंच. गटांना अ आणि ब म्हणू नका. बिबचे (शर्टावर चढवायच्या बंडीचे) रंग पुरेत, आणि रंगसुद्धा बदलत ठेवा, नाहीतर महिन्याभरात ‘पिवळे म्हणजे कच्चे’ हे पोरांना पाठ होतं.

पाचवी पायरी: तरबेज मुलाचं काय

बहुतेक प्रशिक्षकांचं लक्ष मागे राहिलेल्या मुलांकडे जातं आणि तरबेज मुलाला ‘त्याचं तो बघेल’ म्हणून सोडून दिलं जातं. त्याचं नुकसान हळू होतं, म्हणून दिसत नाही. आठव्या वर्षी केवळ वेगाच्या जोरावर सगळ्यांना मागे टाकणारा मुलगा पास द्यायला शिकतच नाही, कारण त्याला गरजच पडत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाकीची मुलं उंच आणि वेगवान होतात तेव्हा याच्याकडे दुसरं हत्यार उरलेलं नसतं.

त्याला सामन्यापूर्वी एकट्याला बाजूला घेऊन एक गुपित काम द्या. ‘आज तुझ्या पासवर दोन वेगवेगळ्या पोरांनी गोल मारला पाहिजे. कुणाला सांगू नको.’ किंवा: आज फक्त दोन टचमध्ये, म्हणजे बॉलला दोनदाच पाय लावून पुढे द्यायचा. किंवा: बॉल आला की आधी मान वर. गुपित असल्यामुळे ती शिक्षा वाटत नाही, कामगिरी वाटते. सामना संपला की त्याच्याजवळ जाऊन विचारा, झालं का? एवढ्या एका प्रश्नासाठी मुलं जीव तोडून खेळतात.

सगळ्यांसमोर ‘तू आता गोल मारायचे नाहीत’ असं मात्र कधी सांगू नका. त्याने काही गुन्हा केलेला नाही. त्याला रोज सहायक प्रशिक्षक करून नवख्यांना शिकवायला लावणंही बरोबर नाही. कधीतरी एखादी युक्ती दाखवायला सांगा, त्याला आवडतं. पण तो खेळायला आलेला आहे. जमलं तर आठवड्यातून एकदा त्याला वरच्या वयोगटाबरोबर खेळवा आणि बाकी दिवस आपल्या सवंगड्यांत ठेवा. वरच्या गटात त्याची धक्काबुक्की होत नाही ना, यावर नजर असू द्या.

सहावी पायरी: बिचकणाऱ्या मुलाला खेळात आणणं

बिचकणाऱ्या मुलाला हवी असते थोडी उसंत: बॉल आल्यावर विचार करायला एक-दोन सेकंद. ती नियमातून देता येते. एक ‘जोकर’ ठेवा, ज्याच्याकडे बॉल त्याच्या बाजूने खेळणारा. मग हल्ला करणाऱ्यांची संख्या नेहमी एकाने जास्त राहते आणि कुणीतरी मोकळं सापडतंच. अधूनमधून बिचकणाऱ्या मुलालाच जोकर करा. त्याच्याकडून बॉल हिसकावायचा नाही असा नियम करा, मग दोन्ही टीम त्याला पास देऊ लागतात. गोलकीपरकडे बॉल गेला की समोरच्या टीमने मधल्या रेषेमागे जायचं, हाही चांगला नियम आहे. मागच्या मुलांना निदान एक पास निवांत मिळतो.

नवख्या मुलाला नेहमी गोलमध्ये किंवा मागे उभं करणं ही सर्वत्र दिसणारी सवय. गोलकीपर म्हणून उभं केलेलं घाबरट मूल पाच गोल खातं आणि पुढच्या सरावाला येत नाही. गोलमध्ये जायची पाळी सगळ्यांची, थोडा थोडा वेळ, तरबेज मुलाचीसुद्धा.

कौतुक करताना नेमकं बोला. प्रत्येक गोष्टीला ‘शाब्बास’ म्हटलं की आठवड्यात त्या शब्दाची किंमत जाते. ‘मघाशी बॉल थांबवून तू आधी वर बघितलंस, ते फार छान’ असं म्हटलं की मूल तेच पुन्हा करतं. आणि त्याची तुलना त्याच्याच गेल्या महिन्याशी करा. वही त्यासाठीच आहे.

‘सर, मला कुणी बॉलच देईनात बे,’ अशी तक्रार घेऊन एखादं पोर येईल. त्याला ‘तू माग की’ असं सांगून परत पाठवू नका. त्या दिवशीच्या सामन्यात नियम घाला: टीममधल्या प्रत्येकाचा बॉलला स्पर्श झाल्यावर मारलेला गोल दोन गुणांचा. पास मिळू लागतो. पण हा नियम रोज लावू नका, कारण मग पोरं त्याच्याकडे बॉल नुसता टेकवून परत घेतात.

चिडवण्याबाबत मात्र ढिलाई नको. कुणी चुकल्यावर हसणं, नाव ठेवणं, मुद्दाम पास न देणं दिसलं की तिथेच खेळ थांबवा, दोन वाक्यांत सांगा आणि पुढे जा. लांब भाषण नको.

एका सरावाचा आराखडा

साधारण सत्तर मिनिटं धरा. मुलं येतील तशी ती लगेच दोनास दोन खेळायला लागू द्या, सगळे जमेपर्यंत रांगेत बसवून ठेवू नका. यात दहा मिनिटं जातात. पुढची दहा मिनिटं विष-अमृत. मग पाणी. पंधरा मिनिटं दारांचा खेळ, नंतर सारख्या जोड्यांचं एकास एक दहा मिनिटं. पुन्हा पाणी. शेवटची वीस मिनिटं तीनास तीन, चार गोलांचं, चंद्र-सूर्य पद्धतीने पाडलेल्या मिश्र टीममध्ये. उरलेल्या पाच मिनिटांत रिंगण करून बसा आणि प्रत्येकाने सवंगड्याची आज आवडलेली एक गोष्ट सांगायची.

हेडिंगचा, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याचा, सराव या वयात अजिबात घेऊ नका. अमेरिकेत २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडिंग बंद करण्यात आलं आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढण्यात आलं.

उन्हाचा विचार पातळीशी जोडूनच करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो. लहान शरीर लवकर तापतं, आणि सवय नसलेलं मूल आधी गळतं. तेव्हा त्या दोन महिन्यांत सकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत संपवा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी द्या, तहान लागली की नाही हे न विचारता. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी होम मैदान लागतं, तेव्हा तिथे खेळणाऱ्यांनी आधीच दुसरी जागा बघून ठेवावी. सराव तीन आठवडे तुटला की सर्वांत आधी गळतात ती नवखीच मुलं.

सातवी पायरी: सामन्याचा दिवस

सरावात सगळं समान आणि सामन्यात तीच सात मुलं, असं झालं की आधीच्या सहा पायऱ्या वाया जातात. खेळण्याचा वेळ आदल्या रात्री कागदावर मांडा. समजा सातास सातचा ४० मिनिटांचा सामना आहे आणि तुमच्याकडे दहा मुलं. दहा-दहा मिनिटांचे चार भाग करा. सात गुणिले चार म्हणजे २८ जागा. आठ मुलं तीन-तीन भाग खेळतील, दोन मुलं दोन-दोन. ती दोन मुलं कोण हे लिहून ठेवा, पुढच्या सामन्यात ती नक्की तीन भाग खेळतील. कागद खिशात असला की काठावरून कुणी कितीही ओरडलं तरी तुमचा निर्णय डळमळत नाही.

प्रत्येक भागात किमान दोन तरबेज मुलं मैदानात राहतील अशी वाटणी करा. सगळी नवखी एकाच वेळी आत टाकून त्यांना चार गोल खायला लावणं हा समान वेळ नव्हे. जागाही बदला: मागे खेळलेला पुढच्या भागात पुढे.

सामना एकतर्फी झाला तर? तुम्ही चार गोलांनी पुढे असाल तर मुलांना ‘आता गोल मारू नका’ म्हणू नका. समोरच्या मुलांना ते कळतं आणि लागतं. त्याऐवजी काम बदला: कमजोर पायाने, किंवा पाच पासनंतरच. समोरच्या प्रशिक्षकाशी आधीच बोलून ठेवा की चार गोलांचं अंतर पडलं की मागे असलेल्या टीमने एक जादा खेळाडू उतरवायचा. मैत्रीपूर्ण सामन्यांत बहुतेक जण आनंदाने मान्य करतात. बक्षिसाच्या स्पर्धेत हे चालणार नाही. म्हणून लहान गटासाठी अशा स्पर्धा कमी आणि दोन-तीन टीमनी मिळून रविवारी सकाळी भरवलेले छोटे सामने जास्त, हेच मला योग्य वाटतं.

आठवी पायरी: पालक

हंगाम सुरू होण्याआधी पालकांना एकदा मैदानावर बोलवा आणि सांगा: इथे सगळे सारखा वेळ खेळतील, जागा बदलत राहतील, काठावरून सूचना कुणी द्यायच्या नाहीत, टाळ्या कितीही वाजवा. हे आधी सांगितलेलं असलं की पुढचं बोलणं सोपं जातं. कारण दोन तक्रारी हमखास येतात. पहिली: ‘सर, आमचं पोरगं एवढं भारी खेळतंय, त्याला बाहेर कशाला बसवलाव?’ त्यांना वही उघडून दाखवा. त्यांच्या मुलाला सध्या काय शिकवताय ते सांगा: डावा पाय, मान वर करणं. आपल्या मुलाकडे बारकाईने बघितलं जातंय हे कळलं की बहुतेक बाप शांत होतात.

दुसरी तक्रार हळू आवाजात येते, बहुधा आईकडून. ‘त्याला जमत नाही हो सर, उगाच तुम्हाला त्रास. बंद करू का?’ तिथेही वहीच उघडा. पहिल्या आठवड्यात बॉल आला की बाजूला व्हायचा, आता थांबवतो, हे दाखवा. घरी रोज दहा मिनिटं भिंतीवर बॉल मारू द्या म्हणावं, बॉल नसेल तर टीमचा एक आठवडाभर घरी न्यायला द्या. आणि दोन्ही पालकांना एक विनंती: गाडीवरून घरी जाताना ‘तो बघ कसा खेळतो’ हे वाक्य नको.

दर सहा आठवड्यांनी वही घेऊन अर्धा तास बसा. प्रत्येक पानावरचं ते एक वाक्य पूर्ण झालं का बघा आणि नवं लिहा. ज्या पानावर सहा आठवड्यांत काहीच नवं लिहिलं गेलं नाही, त्या मुलाकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. ते पान बऱ्याचदा ना सर्वांत तरबेज मुलाचं असतं, ना सर्वांत नवख्याचं. ते मधल्या मुलाचं असतं, जे वेळेवर येतं, सांगितलेलं करतं आणि कधी तक्रार करत नाही. पुढच्या सरावाला पहिली दहा मिनिटं त्याच्या शेजारी उभे राहा.